ऋण, दान आणि मृत्युपत्र

माणूस आयुष्यांत पुष्कळ लिहितो. परंतु ज्याचें वाचन आपल्या पश्चात् व्हावें आणि ज्याचें उत्तर आपणांस कधींहि मिळूं नये, अशा समजुतीनें लिहिलेला लेख एकच, आणि तो म्हणजे मृत्युपत्र. आमच्या सुशिक्षित घरांत मुलांच्या शिक्षणाची, मुलींच्या लग्नांची, घराच्या दुरुस्तीची चर्चा वर्षानुवर्षें चालते. मृत्युपत्राचा विषय निघाला कीं मात्र ‘अभद्र बोलूं नये’ असें म्हणून वडील मंडळी तो तेथेंच मिटवितात. याचा परिणाम असा होतो कीं, जन्मभर विचारपूर्वक वागलेला गृहस्थ आपल्या द्रव्याची शेवटची व्यवस्था अंथरुणावर पडल्या पडल्या, घाईनें व दुसऱ्याच्या सांगण्यावरून करतो, किंवा मुळींच करीत नाहीं.

या मोठ्या विषयाचा एकच भाग आज आम्ही विचारास घेतला आहे. आपल्या मागें राहणाऱ्या द्रव्याचा कांहीं अंश लोकोपयोगी कार्यास द्यावा असें ज्यानें मनाशीं ठरविलें, त्यानें तें कार्य कोणत्या न्यायानें निवडावें? प्रश्न वरवर पाहतां वकिलाचा दिसतो. आमच्या मतें तो आधीं नीतीचा आहे आणि मग वकिलाचा.

विचार हवेंत राहूं नये म्हणून एक काल्पनिक गृहस्थ डोळ्यांपुढें ठेवूं. समजा, परभणी शहरांत एक निवृत्त शिक्षक आहेत. पत्नी निवर्तली, अपत्य नाहीं. भाऊहि हयात नाहीं. दोन पुतणे आहेत आणि एक विधवा बहीण आहे. शहरांत स्वतःचें घर, गंगाखेड तालुक्यांत वांटणीनें आलेली सहा एकर काळी जमीन आणि प्रॉव्हिडंट फंडाची बँकेंत ठेवलेली रक्कम, एवढी त्यांची मिळकत. गांवचे पंच म्हणतात, देवळाच्या सभामंडपास द्या. जुने विद्यार्थी म्हणतात, शाळेस द्या. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयाचें सुंदर छापलेलें पत्रक टपालानें आलें आहे. गुरुजींनीं काय करावें?

उत्तराआधीं एक भ्रम दूर केला पाहिजे. मृत्युपत्रानें दिलेल्या देणगीस आपण सहज ‘दान’ म्हणतों. आपल्या जुन्या शास्त्रकल्पनेप्रमाणें दान म्हणजे दात्यानें आपलें स्वत्व सोडणें व घेणाऱ्याचें स्वत्व उत्पन्न करणें. म्हणूनच हातावर पाणी घेऊन उदक सोडावयाचें. ज्यानें उदक सोडलें त्याच्या ताटांतून घास कमी झाला, हें त्यास व जगास दिसे. मृत्युपत्र करणाराच्या ताटांतून कांहींच कमी होत नाहीं. शेवटच्या श्वासापर्यंत घर त्याचें, शेत त्याचें, व्याजहि त्याचें. मन बदलल्यास कागद फाडून दुसरा लिहिण्यासहि तो मोकळा. जें द्रव्य मृत्यु हिसकावून घेणारच होता, तें कोणाच्या हातीं पडावें एवढेंच तो सांगतो. झीज सोसतात ते वारस. म्हणून मृत्युपत्रांतील दातृत्वाचा अभिमान धरण्यास फारशी जागा नाहीं, आणि तो अभिमान गेला म्हणजे निवडीचें काम पुष्कळ सोपें होतें. दान नव्हे तर मग हें काय आहे? आमच्या मतें हा हिशेब आहे. आयुष्याची वही बंद करण्यापूर्वीं कोणाचें काय देणें राहिलें, तें पाहून चुकतें करण्याची ही शेवटची संधि आहे.

या दृष्टीनें पाहिलें म्हणजे पहिली मागणी सभामंडपाची नाहीं, शाळेची नाहीं, रुग्णालयाचीहि नाहीं. गुरुजींच्या गंगाखेड तालुक्याचीच आठवण येथें उपयोगी पडेल. गंगाखेड हें संत जनाबाईचें जन्मस्थान. लहानपणींच ती पंढरपुरास नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरीं आली व त्या घरची दासी म्हणूनच तिचा जन्म गेला. दळण, कांडण, पाणी, केरकचरा हीं तिचीं कामें. त्यांची साक्ष तिचे अभंगच देतात. दामाशेटींची मिळकत किती होती व ती कोणाच्या वांट्यास गेली, याची चौकशी आज कोणी करीत नाहीं. ज्या दासीला त्या घरच्या वांटणींत कोणी धरलेंहि नसतें, तिचे शब्द मात्र साऱ्या महाराष्ट्रानें वारसा म्हणून घेतले. प्रत्येक मध्यमवर्गीय घरांत अशी एखादी जनाबाई असते. पंचवीस वर्षें भांडीं घासणारी, आजारपणांत रात्री जागणारी बाई असते. शेतावर बापाच्या मागें राबूं लागलेला सालगडी असतो. पगार दिला म्हणजे देणें फिटलें असें आपण समजतों; पण तो पगार किती व तिनें दिलेलीं वर्षें किती, याचें त्रैराशिक आपण कधीं मांडीत नाहीं. वारसाचा कायदा रक्ताचें नातें ओळखतो, सेवेचें ओळखत नाहीं. मृत्युपत्र न करतां गुरुजी गेले, तर या माणसांस एक पैहि मिळणार नाहीं. त्यांची आठवण ठेवणारा कागद एकच आहे आणि तो गुरुजींच्याच हातीं आहे.

दुसरी मागणी बहिणीची. आमच्या खेड्यांत अशी सर्रास समजूत आहे कीं, निपुत्रिकाची जमीन आपोआप पुतण्यांकडे जाते. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें क्रम निराळा लावला आहे: अशा स्थितींत बहीण पुतण्यांच्या आधीं येते. पुढें २००५ सालच्या दुरुस्तीनें एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीस मुलाइतकाच हक्क मिळाला. कायदा इतका पुढें आला तरी रूढि मागें राहिली. कितीतरी बहिणींनीं भाऊबीजेच्या साडीवर समाधान मानून हक्कसोडपत्रावर सही केलेली असते. सही खुशीनें झाली असेल. परंतु जी खुशी नाकारल्यास माहेर तुटतें, ती कितपत खरी, हा प्रश्न प्रत्येक भावानें एकांतांत स्वतःस विचारावा. ज्या सहा एकरांतील कांहीं भाग न्यायानें बहिणीचाच होता, ते सहा एकर धर्मकार्यास देऊन पुण्य जोडणें म्हणजे दुसऱ्याच्या शिध्यावर अन्नछत्र घालणें होय.

कुटुंबाचा हा हक्क आमच्या जुन्या धर्मशास्त्रानेंहि मानलेला आहे. कुटुंबाचा निर्वाह बिघडणार नाहीं अशा बेतानेंच दान करावें, असें याज्ञवल्क्यस्मृति सांगते. आणि तिच्यावरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा टीका कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयानें, म्हणजे आमच्या या दक्षिणेंतच, लिहिली गेली. आमच्या जिल्ह्यांतील मुसलमान शेजाऱ्यांचा कायदाहि याच बाजूचा आहे: वारसांच्या संमतीवांचून मिळकतीच्या एकतृतीयांशापेक्षां अधिक मृत्युपत्रानें देतां येत नाहीं. दोन निरनिराळ्या परंपरांस एकच गोष्ट सुचली, तेव्हां तींत कांहीं तथ्य असलेंच पाहिजे. उदारपणाच्या लाटेंत घरच्या दुबळ्यांस उघडें टाकूं नये, हें तें तथ्य.

पण याच्या उलट टोंकाची चूकहि आमच्यांत तितकीच रुळली आहे. ‘जें आहे तें मुलांचेंच’ असें म्हणून आपण विचार करण्याचेंच सोडून देतों. महात्मा फुले यांनीं १८८७ सालीं मृत्युपत्र केलें, तेव्हां आपला दत्तक पुत्र यशवंत यास त्यांनीं वारस नेमलें. परंतु तो नालायक ठरल्यास मिळकत माळी, कुणबी, धनगर अशा जातींतील लायक मुलास मिळावी, अशा अर्थाची अटहि त्यांत घातली. पुत्रावर त्यांचें प्रेम कमी होतें असें नव्हे. आपली मिळकत ही आपल्या कार्याची शिदोरी आहे, ती केवळ नात्याच्या वाटेनें जाऊं नये, असा त्यांचा भाव दिसतो. चांगले कमावते झालेल्या, स्वतःचीं घरें बांधलेल्या पुतण्यांस आणखी एक घर देण्यानें त्यांचें कल्याण किती होईल, हें गुरुजींनीं या दृष्टीनें पाहावें.

आतां जें उरलें तें लोकांचें. तें कोणत्या लोकांचें? येथेंहि ऋणाचाच धागा धरून चालावें असें आम्हांस वाटतें. गुरुजी आज जे कांहीं आहेत ते कशानें झाले? १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या राज्यांत होता. त्या राज्यांत वरच्या शिक्षणाचें माध्यम उर्दू होतें. मराठी पुस्तक हातीं पडावें, मराठींत दोन शब्द शिकावे, यासाठीं येथील लोकांनीं वर्गण्या गोळा करून वाचनालयें व खाजगी शाळा चालविल्या. परभणीचें गणेश वाचनालय, सेलूचें नूतन विद्यालय अशा संस्थांचीं नांवें जिल्ह्यांतील प्रत्येक सुशिक्षित घरास ठाऊक आहेत. ज्यांनीं त्या वर्गण्या दिल्या त्यांतील बहुतेकांचीं नांवें कोणत्याहि शिळेवर नाहींत. त्यांच्या चार चार आण्यांवर पुढच्या पिढ्या शिकल्या, नोकरीस लागल्या आणि निवृत्तिवेतन घेऊं लागल्या.

दुसरें ऋण याहून अवघड आहे. कारण तें कोणी बोलून दाखवीत नाहीं. १९७२ च्या मे महिन्यांत परभणीस कृषि विद्यापीठ स्थापन झालें. रेल्वेचें जंक्शन होतेंच. कचेऱ्या, महाविद्यालयें व रस्ते वाढत गेले. त्या काळांत थोड्या हजारांस घेतलेल्या भूखंडाची किंमत आज अनेक पटींनीं चढली आहे. ही चढ घरमालकाच्या घामानें झालेली नाहीं. चोहोंकडच्या खेड्यांतून ज्वारी व कापूस शहराच्या बाजारांत आला, त्यावर पेठ जगली आणि पेठेबरोबर जागांचे भाव वाढले. ज्या सालीं विद्यापीठ निघालें त्याच सालीं मराठवाड्यावर भयंकर दुष्काळ पडला व हजारों शेतकरी दुष्काळी कामांवर खडी फोडीत उन्हांत बसले. पगारदार वर्गाचा पगार त्या सालींहि चालू होता. आपल्या मिळकतींतील किती भाग आपल्या श्रमाचा व किती भाग शेजाऱ्यांच्या श्रमांतून आपल्या पदरांत पडलेला, याचा अंदाज प्रामाणिकपणें घेतला, तर गांवाकडे परत काय जावें हें ठरविणें कठीण जाणार नाहीं. खेड्यांतून शिकावयास आलेल्या मुलींचें वसतिगृह, तालुक्याचें वाचनालय, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या मुलांचें शिक्षण, ही त्या परतफेडीची ठिकाणें होत.

देवळास देऊं नये असें आमचें म्हणणें नाहीं. ज्याच्या मनास संकटकाळीं खरोखर त्या देवळाच्या पायरीनें धीर दिला, त्याचें तेथेंहि ऋण आहे. परंतु देवाच्या नांवानें पंचांची प्रतिष्ठा वाढवावयाची कीं देवदर्शनास येणाऱ्या गोरगरिबांची सोय करावयाची, एवढें पाहूनच द्यावें.

या आमच्या म्हणण्यावर एक सबळ आक्षेप आहे व तो टाळून जाणें योग्य होणार नाहीं. ऑस्ट्रेलियांतील तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनीं १९७२ सालींच एक निबंध प्रसिद्ध केला. पूर्व बंगालमधील निर्वासितांची दैना त्यांच्यापुढें होती. समोरच्या तळ्यांत मूल बुडत असतां, आपले कपडे चिखलानें खराब होतील म्हणून कोणी भला माणूस थांबत नाहीं. मग दूरदेशीं मरणारें मूल केवळ दूर आहे म्हणून आपलें कर्तव्य कमी कसें होतें? असा त्यांचा प्रश्न. या विचाराच्या अनुयायांचें म्हणणें असें कीं, तेवढ्याच पैशांत जेथें अधिक जीव वांचतील तेथें तो द्यावा. आपलें गांव, आपली शाळा हा मोहाचाच एक प्रकार. हें म्हणणें उडवून लावण्यासारखें नाहीं. अंतर ही सबब होऊं शकत नाहीं, हें आम्ही मान्य करतों. आणि ज्यास गांवांत आपल्या नांवाचा फलक लागावा एवढ्याचसाठीं गांव जवळचें वाटतें, त्यानें खुशाल दूर द्यावें. त्यांत त्याच्या अहंकाराचेंहि औषध होईल. परंतु उपकार आणि परतफेड यांत भेद आहे. ज्याचें धान्य उसनें आणलें त्याच्या घरीं तें पोंचविल्यावर मग अधिक भुकेल्याचें घर शोधावें. उसन्या धान्यानें प्रथम परगांवीं अन्नदान करूं नये. देणें फिटल्यावर जें निखळ आपलें उरेल, त्याला मात्र सिंगर यांचें माप लावावें, आणि तेथें त्यांचें माप आमच्या मापापेक्षां सरस आहे.

निवड झाली तरी ती शब्दांत नीट उतरली पाहिजे. या बाबतींत पूर्वीच्या कांहीं गोष्टी बोधप्रद आहेत. मुंबई इलाख्यांतील एका खटल्यांत मृत्युपत्र करणारानें आपलें द्रव्य ‘धर्मा’स द्यावें असें लिहिलें होतें. १८९९ सालीं लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनें निर्णय दिला कीं, हा शब्द इतका व्यापक व संदिग्ध आहे कीं त्याची अंमलबजावणी करतां येत नाहीं. सबब ती देणगी रद्द. विठ्ठलभाई पटेल १९३३ च्या ऑक्टोबरांत स्वित्झर्लंडांत निवर्तले. आपल्या मिळकतींतील उरलेली रक्कम सुभाषचंद्र बोस यांनीं हिंदुस्थानच्या राजकीय उन्नतीसाठीं, विशेषतः परदेशांतील प्रचारासाठीं, खर्च करावी असें त्यांनीं लिहून ठेविलें होतें. १९३९ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें ती योजनाहि संदिग्धपणामुळें अमान्य केली. पुढें १९५० सालच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानें आमच्या राज्यापुरता यांतील पहिला दोष धुऊन काढला: ‘धर्म’, ‘धर्मादाय’, ‘पुण्यकार्य’ एवढेंच लिहिलें, तरी केवळ संदिग्धतेच्या कारणानें विश्वस्त व्यवस्था रद्द होत नाहीं. कायद्यानें क्षमा केली, हें बरें झालें. परंतु आपल्या सदसद्विवेकबुद्धीनें मात्र अशी क्षमा करूं नये. ‘कांहींतरी चांगल्या कामास द्यावें’ असें लिहिणारा मनुष्य विचाराचे श्रम दुसऱ्यांवर टाकून मोकळा होत असतो.

दुसरी खबरदारी ज्यांच्यावर काम सोंपवावयाचें त्यांच्याविषयींची. आल्फ्रेड नोबेल यानें १८९५ सालीं आपल्या अफाट संपत्तीचा बहुतेक सर्व भाग पारितोषिकांसाठीं ठेविला. परंतु ज्या संस्थांनीं निवड करावयाची त्यांस त्यानें आधीं विचारलेंहि नव्हतें. नात्यांतील माणसें विरुद्ध गेलीं, संस्था कचरूं लागल्या, आणि व्यवस्थापकांनीं खटपट करून १९०१ सालीं पहिलीं पारितोषिकें दिलीं तेव्हां त्याच्या मृत्यूस पांच वर्षें झालीं होतीं. आमच्याकडील उदाहरण याहून कडू आहे. पुण्याचे सरदार बाबामहाराज यांनीं १८९७ च्या ऑगस्टांत, मृत्यूच्या दारांत असतां मृत्युपत्र केलें व लोकमान्य टिळकांस एक व्यवस्थापक नेमलें. स्नेह्याची विनंति मोडवली नाहीं म्हणून घेतलेल्या त्या ओझ्यापायीं टिळकांस १९०३ सालीं शिक्षा सोसावी लागली, दुसऱ्या वर्षीं उच्च न्यायालयानें त्यांस निर्दोष ठरविलें, आणि दत्तकाच्या वादाचा निकाल प्रिव्ही कौन्सिलांतून लागावयास १९१५ साल उजाडलें. ज्याच्यावर विश्वास टाकावयाचा त्यास आधीं विचारावें, आणि त्याच्या आयुष्यांतील किती वर्षें आपण मागत आहों, याचाहि विचार करावा.

संस्थेच्या बाबतींतहि हेंच. तिचें नांव धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरीं जसें नोंदलेलें असेल तसें लिहावें. ती संस्था उद्यां बंद पडल्यास रक्कम कोणाकडे जावी, तें सांगावें. घर किंवा जमीन देण्यापेक्षां शक्य तर रोकड द्यावी. कारण विश्वस्त संस्थेस स्थावर मिळकत विकावयाची झाल्यास आयुक्तांची परवानगी लागते, आणि शेतजमीन शेतकरी नसलेल्याच्या हातीं जाण्यावर तर निर्बंधच आहेत. कागदास मुद्रांक लागत नाहीं, नोंदणी सक्तीची नाहीं; दोन साक्षीदार मात्र हवेतच, आणि ते असे असावे कीं ज्यांस त्या कागदानें कांहींहि मिळणार नाहीं.

अटींचा फार मोह धरूं नये. १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं कर्व्यांच्या महिला विद्यापीठास पंधरा लक्षांची देणगी देऊं केली व आपल्या मातेचें नांव त्यास दिलें. नांव राहिलें, कार्यहि वाढलें; कारण कार्य करणारा माणूस त्यांनीं आधीं पारखला होता. ज्यानें माणसें पारखलीं नाहींत तो अटींचा गड बांधीत बसतो. आणि अमुक जातीच्याच मुलास, अमुक तिथीसच, असें लिहिलेल्या अटी पन्नास वर्षांनीं दात्याच्याच हेतूचा गळा आवळतात.

संस्था पारखावयाची कशी? यास एकच मार्ग आहे: जिवंतपणीं थोडें थोडें देऊन पाहणें. ज्या वसतिगृहास पांच लक्ष ठेवावयाचे मनांत आहे, त्यास यंदा पांच हजार द्यावे. मग दोन चार वेळां तेथें जावें, मुलींच्या पंक्तीस बसून जेवावें, वही मागावी, पावती मिळते कीं नाहीं तें पाहावें, आणि पुढच्या वर्षीं पुनः द्यावें. हें देणें खऱ्या अर्थानें दान आहे. कारण यांत आपल्या ताटांतील घास कमी होतो. असें दहा वर्षें चाललें म्हणजे कोणती संस्था निवडावी हा प्रश्नच उरत नाहीं. मृत्युपत्रांत लिहावयाची रक्कम ही त्या मालिकेंतील शेवटचा हप्ता होते.

आमच्या गुरुजींनीं कोणती निवड करावी, हें आम्ही त्यांस सांगणार नाहीं. परंतु त्यांनीं कागद पुढें ओढल्यावर प्रथम घरकाम करणाऱ्या बाईचें पूर्ण नांव काय, हें तिला विचारून घ्यावें. इतक्या वर्षांत तें विचारण्याचा प्रसंग बहुधा आलेला नसेल. त्यानंतर बहिणीस पत्र लिहावें. शाळा, वाचनालय आणि रुग्णालय यांचीं पत्रकें त्यानंतर उघडावीं. तोंवर त्यांतील कोणतें खरें आपलें, हें ओळखण्याइतकी नजर त्यांस आलेली असेल.